सशाचे गर्द हिरवे वेल

नदीच्या वळणावर एक जंगल होते आणि तिथे एक ससा राहत असे. मनाने चांगला, पण भारी उतावळा. उन्हाळ्यात त्या जंगलात गवताची काडीसुद्धा उरत नसे आणि सशाची चार पिल्ले तर नुकतीच पळू लागली होती. त्यांना उन्हाळाभर पुरतील एवढी रताळी बिळात साठवायची, असे ठरवून पावसाळा संपताच त्याने नदीकाठच्या मऊ जमिनीत रताळ्याचे वेल लावले. शेजारच्या वाफ्यात साळूनेही लावले. साळू म्हणजे अंगभर काटे असलेली, सतत काहीतरी कुरतडत बसणारी त्याची शेजारीण.

पलीकडच्या गुहेत वटवाघळे राहत. खाली त्यांच्या विष्ठेचा ढीग साचलेला असे. नाक मुरडू नका मुलांनो, त्याच्यासारखे जोरदार खत साऱ्या जंगलात नव्हते! त्यात नत्र भरपूर, आणि नत्र म्हणजे झाडाची पाने वाढवणारे अन्न. साळूने लावणीच्या वेळी ते मूठभर घेऊन मातीत मिसळले आणि विषय संपवला. सशानेही मूठभर घातले. थोड्याच दिवसांत पाने अशी तरारली, की ससा हरखून गेला. तो पडला पाल्यावर जगणारा प्राणी. पाला चांगला म्हणजे सगळेच चांगले, अशी त्याची समजूत. तो पुन्हा गुहेकडे पळाला.

“वाघळांनो, आणखी थोडं खत नेऊ का?”

एक वटवाघूळ उलटे लटकूनच जांभई देत म्हणाले, “ने की, हवं तेवढं ने. आमचं काम चालूच आहे.”

मग काय विचारता! पळसाच्या पानांचे द्रोण भरभरून ससा रोज खत वाहू लागला. वेल गर्द हिरवे झाले, सशाच्या कानांच्याही वर गेले आणि साळूच्या वाफ्यात घुसले. मोर येता-जाता थांबून वाहवा करी. साळूचे वेल मात्र फिकट आणि बेताचेच होते.

“ससोबा, आता पुरे कर,” साळू म्हणाली. “बसल्या जागी एवढं खायला मिळतंय, तर वेल नुसती पानंच काढत बसेल. खाली कशाला साठवील? एकदा उकरून तरी बघ.”

“मावशी, माझे वेल बघून पोटात दुखतंय होय?” ससा म्हणाला.

“नाही रे बाबा. मला पानं आवडतच नाहीत, म्हणून मी आपली खाली बघते.”

रताळी काढायच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवायचे आणि पहिले रताळे त्यांच्यापुढे ठेवायचे, अशी त्या जंगलाची रीत होती. सशाने तर अख्ख्या जंगलालाच आवतण दिले. सगळे गोल करून बसले आणि ससा ऐटीत खणू लागला. मुळेच मुळे! पुन्हा खणले, तरी मुळेच. मधूनच एखादे बोटाएवढे रताळे निघे, तेही पाणचट. मोर खोकल्याचे निमित्त करून सटकला.

सशाला पिल्लांच्या तोंडाकडे बघवेना. एवढा सगळा पाला चार दिवसांत वाळून जाणार होता. “मावशी, उन्हाळ्यात मी पोरांना काय घालू?” असे म्हणून तो रडूच लागला. मला विचाराल तर मलाही त्याची फार दया येते.

साळूने काटे फिस्कारले. “रडतोस काय? एवढी रताळी मी एकटी कधी काढणार? चल, माझ्या वाफ्यात खणायला लाग. निम्मी तुझी.”

ससा डोळे पुसून खणू लागला. फिकट वेलांखालून लालचुटूक, टपोरी रताळी एकामागून एक बाहेर पडू लागली. सशाच्या धाकट्या पिल्लाला धीर कुठला! त्याने मातीसकट एक रताळे चावले आणि ते ओरडले, “बाबा, हे तर गोड आहे!”

“असणारच बाळा,” ससा म्हणाला, “ते मी वाढवलेलं नाही ना!”

यावर सारे जंगल खो-खो हसले आणि सगळ्यात मोठ्याने ससाच हसला.

तात्पर्य : खत पिकाच्या गरजेपुरतेच घालावे, जास्त घातले तर पाने माजतात आणि खायच्या वेळी हाती काही लागत नाही.