ठकूची पट्टी

इथे जरा थांबा. तुमचे बूट महागाचे आहेत, पण कुसळं किंमत बघून चिकटत नाहीत. मोज्यांत शिरली तर संध्याकाळपर्यंत वेचत बसाल.

समोर बघा. सगळा डोंगर वाळल्या गवताने पिवळा पडलाय आणि मधोमध ती उघडी पट्टी खालच्या घळीपासून माथ्यापर्यंत गेलीय, डोंगराचा भांग पाडावा तशी. तिच्यात काडी उभी दिसणार नाही. पट्टीच्या अलीकडे आमचं पिंपळदरा, पलीकडे हिरडवाडी. दोन गावं मिळून एक डोंगर कसा राखतात ते लिहून न्यायला तुम्ही आलात. दोन्ही गावांच्या समितीच्या खोलीत फळा आहे. गवत किती निघालं, झऱ्याचं पाणी कुठवर टिकलं, सगळं त्यावर आहे आणि ते खरंही आहे. पट्टीला ठकूची पट्टी का म्हणतात, ते मात्र फळ्यावर नाही. ते मी सांगतो. माझं नाव बुधाजी. मी पिंपळदऱ्याचा आणि माझी आई हिरडवाडीची, त्यामुळे मला ही हकिकत दोन्ही गावांच्या तोंडून ऐकायला मिळाली.

असे सांगतात की फार पूर्वी, इकडे रस्ता नव्हता आणि या रानात वाघ होता त्या काळात, डोंगर दोन्ही गावांचा मिळून होता. ज्याला लागेल त्याने भारा कापून न्यावा. उन्हाळ्यात गुरं याच गवतावर जगत आणि पायथ्याला उंबराखाली झरा आहे, त्यावर दोन्हीकडच्या बाया पाणी भरत. मग भांडण लागलं. कशावरून, ते आता कोणालाच धड सांगता येत नाही. हिरडवाडीचे म्हणतात, तुमच्यांनी हद्दीचा दगड सरकवला. आमचे म्हणतात, दगड नव्हताच. डोकी फुटली, सोयरिकी थांबल्या. शेवटी दोन्हीकडची शहाणी माणसं बसली आणि त्यांनी निवाडा केला. अर्धा डोंगर तुमचा, अर्धा आमचा, मधली पट्टी कोणाचीच नाही. तिच्यात जो पाऊल टाकेल किंवा विळा घालेल त्याने हक्क सांगितला असं धरायचं. वाघजाई देवीपुढे दोन्ही गावांनी बेलभंडारा उचलून तशी शपथ घेतली.

भांडण मिटलं म्हणे. दिवाळी झाली की दोन्ही गावं आपापल्या अंगाला जाळपट्टा काढत, म्हणजे वणवा आला तर अडावा म्हणून गवत कापून जमीन उघडी करत. काम चोख होतं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मधल्या पट्टीला मात्र कोणी हात लावत नसे. तिथलं गवत उगवे, वाळे, आडवं पडे आणि त्याच्यावर पुढच्या वर्षीचं उगवे. बघता बघता ते पुरुषभर वाढलं. खालच्या घळीतून निघून माथ्यावरच्या गोठणापर्यंत, दोन्ही गावांची गुरं दुपारी बसत त्या सावलीपर्यंत, वाळक्या गवताची सलग वाट तयार झाली. आणि दोन्ही गावं आपापले जाळपट्टे बघून निवांत होती.

ते गवत एका बाईला दिसत होतं. ठकू तिचं नाव. जन्म हिरडवाडीचा, दिलेली पिंपळदऱ्यात. भांडणाआधी लग्न झालेलं म्हणून ती दोन्हीकडची राहिली होती. तिचा नवरा लुमाजी आणि भाऊ धावजी, दोघेही भले, कष्टाळू आणि गावापुढे तोंड न उघडणारे. ठकूचं घर पट्टीच्या अगदी खाली होतं. अंगणात उभी राहिली की तिला एकीकडे स्वतःचं छप्पर दिसे आणि घळीपलीकडे भावाचं. दोन्ही छपरं गवताचीच. वारा सुटला की ती हातातलं काम टाकून दोन्ही छपरांकडे बघे, असं माझी आई सांगायची.

ती आमच्या पंचांकडे गेली. म्हणाली, "मधलं गवात कापा. वणवा आला तं त्याच्यातूनच वर जाईल. मंग माझं सासर बी जाईल न् म्हायेर बी."

पंच काही दुष्ट नव्हते. त्यांतला म्हातारा म्हणाला, "खरं हाय तुजं. पन आमी आधी इळा लावला तं शपथ मोडल. त्यान्ला म्हनावं, तुमी लावा."

ठकू माहेरी गेली. तिथल्या पंचांनी अगदी मन लावून ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं, त्यांनी आधी लावावा. मग ती म्हणाली, दोन्ही गावांनी एकाच दिवशी, बरोबरीने या. याला कोणीच नाही म्हणाला नाही. फक्त तो दिवस ठरवायला आधी निरोप कोणी धाडायचा, यावर सगळं अडलं. तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्याकडच्या कचेऱ्यांतसुद्धा असंच अडतं, हे मी पाहिलंय.

शेवटी ठकूने एकटीने विळा घेतला आणि पट्टीत उतरली. हिरडवाडी म्हणाली, ही सासरसाठी जागा बळकावतेय. पिंपळदरा म्हणालं, ही माहेरच्या घशात घालतेय. इतक्या वर्षांत दोन्ही गावांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हे, की तिचा विळा काढून घ्यायचा. लुमाजीने तो स्वतःच्या हाताने पंचांपुढे ठेवला. धावजीने सांगून पाठवलं, लोक शांत होईपर्यंत इकडे येऊ नकोस. झऱ्यावर बाया तिची घागर मागे सारू लागल्या. ती भांडली नाही, म्हणतात. येताजाता गवताकडे बघायची तेवढं.

शिमगा तोंडावर आला होता. भर दुपारी खालच्या घळीत धूर दिसला. आग कोणी लावली ते विचारू नका, कारण त्याला दोन उत्तरं आहेत आणि तुम्ही कोणत्या गावात विचारता त्यावर ती ठरतात. आग पट्टीत शिरली आणि तिथून सरळ वर निघाली. दोन्ही गावांचे जाळपट्टे लख्ख साफ होते. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

माणसं धावली. निरगुडीचे हिरवे डहाळे मोडून घेतले आणि आगीच्या वरच्या अंगाला गाठायला चढली. इकडून आमचे, तिकडून त्यांचे. पट्टीच्या काठापर्यंत आले आणि थांबले.

होय, थांबले. वर गुरं हंबरत होती, खालून आग येत होती आणि दोन गावांचे धट्टेकट्टे पुरुष हातात डहाळे घेऊन पट्टीच्या दोन काठांवर एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. आत पाऊल टाकलं तर हक्क सांगितल्यासारखं होईल. त्यांचं आधी पडू दे, मग आपण जाऊ. माझ्या किती पिढ्यांमागची ही गोष्ट आहे कोण जाणे, पण सांगताना मला अजून लाज वाटते.

ठकू खालून धावत आली आणि त्या माणसांना बाजूला करून पट्टीत शिरली. विळा तर काढूनच घेतलेला. ती हातांनी गवत उपटू लागली, पदर खोचून डहाळीने झोडपू लागली. एका काठाला भाऊ होता, दुसऱ्या काठाला नवरा. ती ओरडली, "दादा, ये रं. अवो, तुमी बी या." एवढंसं गवत उपटून काय होणार होतं? धूर अंगावर आला आणि ती पडली.

तेव्हा दोघे आत आले. हिरडवाडीत सांगतात, धावजी आधी आला, बहिणीची माया ती. आमच्यात सांगतात, लुमाजी आधी. मी आईला एकदा विचारलं होतं, खरं काय? ती म्हणाली, "ती पडल्याव आले. आता त्यात आधी कोन न् मंग कोन?"

मग मात्र सगळेच तुटून पडले आणि आग गोठणाच्या खाली अडली. गुरं वाचली. पण तोवर ठिणग्या जाळपट्टे ओलांडून गेल्या होत्या आणि डोंगराची दोन्ही अंगं पेटली होती. ठकूला उंबराखाली आणून निजवलं. घागर मागे सारणाऱ्या बायाच तिला पाणी पाजायला धावल्या. शाप दिला का, असं लोक विचारतात. नाही. तिने एवढंच विचारलं, "गुरं खाली आली का?" आली म्हणून सांगितलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

त्या पावसाळ्यात उघड्या डोंगरावरची माती वाहून गेली. झरा आधी गढूळ झाला, मग दिवाळीनंतर आटला. अर्धी अर्धी घरं गुरं घेऊन खाली उतरली, काही परत आलीच नाहीत. तेव्हा उरलेली माणसं वाघजाईपुढे एकत्र बसली. उचललेला बेलभंडारा तिच्या पायांशी परत ठेवून जुनी शपथ सोडवली आणि नवा नेम केला. डोंगराला हद्द नाही. गवत दोघांचं, भारे सारखे. जाळपट्टा काढायला प्रत्येक घरातून माणूस यायचं, जे घर येणार नाही त्याला गवत नाही. त्यांनी आमच्या अंगाचं साफ करायचं, आम्ही त्यांच्या, म्हणजे कोणाला हक्क सांगायला नको आणि अंगचोरीही करायला नको. झऱ्याला पाणी परत यायला एक पिढी गेली म्हणे. तुम्ही ज्याला भागीदारी म्हणता ती एवढ्या उशिरा सुरू झाली.

आणि सगळ्यात आधी ही पट्टी कापायची. पहिला विळा एका गावात जन्मलेल्या आणि दुसऱ्या गावात दिलेल्या बाईने घालायचा. ती एकटी कापत मधोमध जाईपर्यंत दोन्ही गावांच्या पुरुषांनी काठावर गप्प उभं राहायचं. आपण काय केलं होतं ते विसरू नये म्हणून हा नेम.

पण नेमाचंही काय होतं बघा. बरीच वर्षं हा मान माझ्या सुनेकडे आहे. सगुणा तिचं नाव, हिरडवाडीची. आता मुली शहरात देतात, तिच्यानंतर एका गावातून दुसऱ्या गावात कोणी सून गेलेली नाही. गेल्या दिवाळीनंतर ती नेहमीसारखी पट्टीत गेली. तिचा गुडघा दुखतो, गवतही नेहमीपेक्षा दाट होतं. मधोमध पोचायच्या आधीच ती गुडघा धरून खाली बसली. आम्ही सगळे काठावर. नेम तो नेम. दोन्हीकडे विळे, टोप्या, समितीचे अध्यक्ष, उपाध्यक्ष. कोणी हललं नाही. सगुणाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी पडायची वाट बघताय का?"

आम्ही पट्टीपलीकडे बघितलं. ते आमच्याकडे बघत होते. मग दोन्हीकडची माणसं आत गेली आणि दिवस मावळायच्या आत पट्टी साफ झाली.

त्या दिवशी पाऊल आधी कोणाच्या गावाचं पडलं, यावर आजही समितीच्या बैठकीत वाद होतो. सगुणा तिथेच बसलेली असते. तिला कोणी विचारत नाही.