परिकेंद्र

“मग तुम्हालाच कशी ऐकू येत नाही?” त्र्यंबकने गोसावीबाबांना विचारलं.

की “मलाच कशी” असं तो म्हणाला? आता खात्री देता येत नाही. मी शेजारी उभा होतो, पण या वयात कान आणि आठवण दोन्ही आपापल्या सोयीने वागतात. प्रश्न हाकेबद्दल होता, एवढं नक्की.

त्र्यंबक शेजवळ आणि मी शहरातल्या एकाच शाळेत भूमिती शिकवत होतो. त्याचा धाकटा भाऊ उत्तम शेरडं घेऊन गावामागच्या पठारावर गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून रोज दिवेलागणीला पठाराभोवतीच्या तिन्ही गावांत ‘आई’ अशी हाक ऐकू येई. तो आहे की गेला, एवढंच त्यांच्या आईला कळायला हवं होतं.

त्र्यंबकने तिन्ही गावांत घड्याळं देऊन माणसं बसवली. हाक तिन्हीकडे एकाच क्षणी पोचत होती. म्हणजे अंतर सारखं. त्याने नकाशावर त्रिकोण काढला, बाजूंचे लंबदुभाजक काढले. ते जिथे मिळाले, तिथे पुरीबाबा नावाच्या गोसाव्याची धुनी निघाली.

हे सगळं त्याने बाबांना नववीच्या वर्गाला सांगावं तसं समजावलं. तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावर असतो, तो परिकेंद्र.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे मी बसलोय तिथं?”

“तिथंच. गणितात चूक नाही.”

“नसेल. पण इथं कधी कुणी ओरडलं नाही, मास्तर.”

“माझा भाऊ कुठाय?”

बाबांनी त्याच्याकडून कंपास मागून घेतला. टोक राखेत रोवलं आणि पेन्सिल फिरवली. वर्तुळ उमटलं.

“टोक रोवलं तिथं रेघ आली का?”

बाबा आसनावरून उठले. “बस.”

तो बसला. ऊन गेलं, वारा पडला. धुनीचा धूर सरळ वर जात राहिला. खाली गावांत दिवे लागले. मी कान देऊन उभा होतो. हाक आली नाही. त्र्यंबक ओठ मिटून बसला होता आणि मी त्याच्यावरून नजर काढली नव्हती. हे मला स्पष्ट आठवतं. निदान तसं वाटतं.

“ऐकलीस भावाची हाक?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“आणि तुझी?”

“मी कुठं हाक मारली?”

बाबांनी राखेवरून तळहात फिरवला. वर्तुळ गेलं.

“घरी जाऊन विचार.”

त्र्यंबक घरी गेला नाही. पठाराच्या दुसऱ्या अंगाने उतरून त्याने शहराची एसटी धरली. मी मागोमाग. पुढे आईला अग्नी द्यायला तेवढा गावात आला, आणि तेव्हाही कुणाला काही विचारलं नाही.

मी विचारलं. तो वारल्यावर, पुष्कळ वर्षांनी. आम्ही धुनीपाशी होतो त्या संध्याकाळी त्यांच्या शेजारच्या शेवंताबाई म्हातारीजवळच बसल्या होत्या.

हाका दोन आल्या होत्या. एक धाकट्याची, एक थोरल्याची. म्हातारीने दोघांनाही ओ दिली.