डावरीचं जाळं

“साखरपुडा तू मोडलास, आता हात रिकामे करून जायचं. गावाची रीतच आहे ती,” तरुण म्हणत होता.

“रीत मला नको शिकवू,” मुलगी म्हणाली. “जाळ्यावरचा पाय काढ आधी.”

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात हे भांडण सकाळपासून चाललं होतं. दोघांचं लग्न ठरलं, तेव्हा दोघांनी आपापल्या घरी जाळ्याचा एकेक तुकडा विणला होता. सूत निम्मं तिचं, निम्मं त्याचं. मग तुकडे जोडून एक मोठं जाळं केलं. ते पुरं झालं तसा तो म्हणाला, “लग्नानंतर जाळं मी बघेन, तू चूल बघ.” मुलीने त्याच दिवशी लग्नाला नकार दिला. घाबरली नाही, रडलीही नाही.

पण आठ दिवसांवर नारळी पौर्णिमा. जाळं नसेल तर तिच्या म्हाताऱ्या बापाची होडी वाळूतच राहणार, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

शेवटी गावच्या वयोवृद्ध तांडेलाला बोलावलं. साऱ्या होड्या त्याच्या शब्दावर समुद्रात जायच्या.

“रीत आहे बाय,” तांडेल म्हणाला. “मोडणाऱ्याने घेतलेलं परत करायचं.”

मुलगी घरात गेली. साडी, बांगड्या, नथ, सगळं आणून तिने तरुणासमोर ठेवलं. साडीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“आणि जाळं?” तरुणाने विचारलं.

“तुझा तुकडा तू घे, माझा मी घेते. जोड उसवला की झालं.”

तरुणाला वाटलं, दोन्ही तुकड्यांतला चांगला आपलाच म्हणावा, कोणाला काय कळतंय. त्याने घट्ट विणीचा तुकडा पुढे ओढला. “हा माझा. गाठी बघा कशा बसल्यात. तो ढिला आहे ना, तो हिचा.”

तांडेलाने तुकडा उन्हात धरला, एकेका गाठीवरून बोट फिरवलं. मग जाळं विणायची सुई तरुणाच्या हातात दिली. “एक गाठ मार बघू.”

त्याने मारली. सुताचा पीळ उजवीकडून आला.

“या तुकड्यातल्या साऱ्या गाठींचा पीळ डावीकडून आहे,” तांडेल म्हणाला. “घरी बसून डाव्या हाताने विणत होतास की काय रे?”

आख्ख्या गावात डावरी एकच होती. बायका पदराआड हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “जाळं बघायला निघाला होता, आधी हात बघ म्हणावं.”

तरुण लाजला, पण हटला नाही. “रीत ती रीत. मोडलंय तिने. तिचा तुकडाही इथेच राहील.”

मोडणाऱ्याने रिकाम्या हातांनी जायचं, असंच गाव आजवर म्हणत आलं होतं. तांडेलाने मुलीकडे पाहिलं.

मुलीने सुरी घेतली, खाली बसली, आणि एकेक टाका करत जोड उसवला. जाळ्याचं एकही घर फाटू दिलं नाही. त्याचा तुकडा नीट घडी घालून साडीशेजारी ठेवला. आपला खांद्यावर टाकला.

तात्पर्य मी वेगळं काय सांगू, ते तीच त्याच्या डोळ्यांत बघून सांगून गेली:

“तू दिलेलं सगळं तुझ्यासमोर ठेवलंय, पण हे मला कोणी दिलेलं नाही, हे मी केलंय, आणि केलेलं परत करायची रीत कुठल्याच गावात नाही.”