पळणारं बेट आणि राजाचा दगड

एकदा काय झालं, एका राजाला समुद्राचं वेड लागलं. कुठला राजा? अरे, पार तिकडे, सूर्य मावळतो त्या बाजूला फिरंग्यांचा मुलूख आहे ना, पोर्तुगाल, तिथला. त्यानं काय करावं? मोठमोठे दगड घडवून घ्यावेत, त्यांवर आपली मुद्रा कोरावी, आणि गलबतावर चढवावेत. गलबत नव्या जमिनीला लागलं की उतरायचं, दगड पुरायचा. दगड पुरला की जमीन राजाची. तिथे आधीपासून कोण राहतं, ते विचारायचंच नाही, बरं का!

त्याच मुलखात तोमे नावाचा एक नाखवा होता. स्वतःचं गलबत हाकायचा. माणूस चांगला, पण पायाला भिंगरी. घरात बसवतच नसे त्याला. जेवायला बसला की एक डोळा ताटात, एक डोळा लाटांवर. त्याची बायको लियोनोर म्हणायची, "अहो, दोन घास तरी स्वस्थ बसून खा." तो हो म्हणायचा आणि घास तोंडात तसाच घेऊन दारात जाऊन उभा राहायचा. त्यांची धाकटी लेक फिलिपा एकदा बापाकडे बोट दाखवून आईला विचारते, "हे काका कधी जाणार?" लियोनोर हसली, पण मग पदराआड... नाही नाही, तिथे पदर नसतो, रुमालाआड डोळे पुसले तिनं.

एके सकाळी तोमे कड्यावर उभा होता. बघतो तर समोर समुद्रात बेट! हिरवंगार, संत्र्याची झाडं, चुलींचा धूर वर चाललेला. तो धावत खाली आला, होडी काढली, वर मान करून बघतो तर बेट गायब. म्हातारे कोळी म्हणाले, "ते पळणारं बेट आहे, बाबा. कुणाच्या हाती लागत नाही."

ही गोष्ट गेली राजाच्या कानावर. राजानं तोमेला बोलावलं. "त्या बेटावर माझा दगड पूर. नाही पुरलास तर डोकं उडवीन."

मग काय! तोमेला तेच हवं होतं. डोक्याची भीती नाही, बेटाची ओढ. दगड चढवला, सगळी शिडं सोडली आणि निघाला. बेट दिसलं. गलबत जोरात, तर बेट त्याहून जोरात. मग वारा पडला. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायला लागली. तोमे हात चोळत परत आला.

दुसऱ्यांदा गेला तो धुक्यातून, चोरपावलांनी. कुणी खोकायचंसुद्धा नाही. इतका जवळ गेला की बेटावरच्या कोंबड्यांची कुककुक ऐकू आली. तोमे हळूच म्हणाला, "दगड काढा." खलाशांनी दगड ओढला. घर्रर्र! तो आवाज झाला मात्र, बेट शहारलं. अशी लाट उठली की गलबताचं सुकाणूच मोडलं. वाहत वाहत कसेबसे घरी आले.

आता तरी गप्प बसावं? छे! त्याला झोप येईना, अन्न गोड लागेना. लियोनोर म्हणाली, "तुम्ही बेटामागे पळता, की घरापासून?" तोमे उठून सुकाणू ठोकायला गेला. सुकाणू दुरुस्त झालं तसा तिसऱ्यांदा निघाला.

या खेपेला फार लांब गेले. पिण्याचं पाणी संपलं. खलाशांचे ओठ फुटले. त्यात वादळ आलं, गलबताची एक फळी उचकटली आणि समुद्र आत शिरायला लागला. माणसं भांड्याभांड्यानं पाणी उपसताहेत, आणि समोर बघा, तेच बेट! अगदी जवळ.

सुकाणूवर तोमेचा लहानपणचा मित्र होता, बाल्तझार. तो ओरडला, "तोमे, गलबत जड झालंय! फेक तो दगड!"

"दगड फेकला तर राजा डोकं घेईल."

"अरे, बुडून डोकं राहिलं तर घेईल ना!"

तोमेनं बेटाकडे पाहिलं. हात पुढे केला तर लागेल असं वाटत होतं. मग त्यानं माणसांकडे पाहिलं. एकजण उपसता उपसता गुडघ्यावर कोसळला होता. तोमेनं दगडाला खांदा लावला आणि, धडाम! गेला दगड तळाला.

आणि काय झालं सांगू? बेट थांबलं. गाय अंगणात वळते ना, तसं सावकाश वळलं आणि गलबताला येऊन टेकलं. बेटावरच्या बायकांनी दोर टाकले, पाणी दिलं, संत्री दिली. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "तुम्ही दगड घेऊन येता, म्हणून आम्ही पळतो. तहान घेऊन आलात, मग या की."

तोमे खाली मान घालून पाणी प्यायला. मग म्हणाला, "आजी, माझ्या घरच्यांना आणलं तर चालेल?"

"आण. दगड तेवढा आणू नकोस."

गलबत दुरुस्त करून सगळे परतले. राजानं विचारलं, "दगड कुठे पुरलास?"

"समुद्राच्या तळाशी, महाराज. माणसं बुडत होती."

राजा लालेलाल झाला. "सूर्य मावळायच्या आत दुसरा दगड घेऊन नीघ. नाहीतर डोकं!"

तोमे तडक घरी आला. लियोनोरला सगळं सांगितलं, बेटावर राहायला चल म्हणाला. ती म्हणाली, "मला पायाखाली जमीन लागते."

"जमीनच आहे ती. फक्त चालते."

लियोनोरनं दारातून समुद्राकडे पाहिलं. मग तिनं चुलीवरचा तवा उतरवला, कोंबड्यांचे पाय बांधले आणि म्हणाली, "पोरींना हाक मारा."

किनाऱ्यावर येतात तो बेट येऊन उभं! सगळा गाव बघतोय. सगळे होडीत चढले, बाल्तझारनं होडी लोटली ती थेट बेटाला. मागून राजा आला, शिपाई आले, दगडाचा गाडा आला. पण गाड्याची चाकं रुतली वाळूत. राजा ओरडतोय, शिपाई ढकलताहेत, आणि बेट आपलं डुलत डुलत निघून गेलं.

मग लियोनोरनं बेटावर कांदे लावले. पोरी झाडावर चढायला शिकल्या. रोज सकाळी समोर नवा किनारा. तोमे होडीतून जवळ जायचा आणि तिथल्या माणसांना लांबूनच विचारायचा, "येऊ का?" या म्हणाले तर उतरायचा, मीठ द्यायचा, फळं घ्यायचा. नको म्हणाले तर हात हलवून मागे फिरायचा. असे सगळे सुखात राहिले, फिरत राहिले.

आणि तू रे, चुळबूळ पुरे आता. पाय पांघरुणात घे. नीज.