राजाचं काळीज रुसलं

एक होता राजा, मोहरसेन. खायचा कसा? पोळीवर तूप नव्हे, तुपात पोळी! चार पायऱ्या चढायच्या तरी पालखी. मग काय, छातीत कळ आली. वैद्यीणबाई म्हणाली, "महाराज, भाजी-भाकरी खा, रोज डोंगर चढा, वजन उतरवा. सगळं मिळून करा. नाहीतर काळीज टिकायचं नाही."

राजाने मान डोलावली आणि राणीला बोलावलं. "सगुणे, माझ्यासाठी उपास धर. डोंगरही तूच चढ."

ऐकलंत? दुखणं ह्याचं आणि उपाशी कोण? राणी! मला तर सांगतानाही संताप येतो, बरं का.

तशीही सगुणा नवऱ्यासाठी सोमवार-शनिवार करायचीच. तिला वाटलं, वाचेल जीव. तीन महिने राबली बिचारी. राजा इकडे लाडू हाणतोय! एक दिवस ती डोंगर उतरून आली, पायांना फोड, आणि हा म्हणतो कसा, "गुण येत नाही. उद्यापासून दोनदा चढ."

राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुरे! पोट तुमचं, पाय तुमचे, काळीज तुमचं, आणि झिजायचं मी?"

राजाचं काळीजही कधीचं चिडलेलंच होतं. ते टुणकन बाहेर उडालं आणि डोंगरमाथ्यावरच्या उंबरावर जाऊन बसलं. "होळीपर्यंत स्वतः ये, नाहीतर मेलास!"

राजा पांढराफटक पडला. राणीने पालखी फोडून चुलीत घातली.

मग राजा चालत निघाला. पण अंगरख्यात लाडू! काळीज वरच्या फांदीवर गेलं. मग राजा उपाशी राहिला, पण गादीवर लोळत. काळीज शेंड्यावर गेलं.

"दोन्ही करा," राणी कडाडली. "पुन्हा सांगायची नाही!"

मग राजाने मापात भाकरी खाल्ली, पालेभाजी खाल्ली. रोज चालला. धापा टाकत, बसत, रडत, पुन्हा उठत. ढेरी हळूहळू ओसरली. होळीच्या सकाळी तो माथ्यावर पोचला. काळीज खाली उतरलं, छातीत शिरलं आणि धडधडू लागलं.

घरी येऊन राजाने हात जोडले. "राणी, राग गेला का?"

"नाही. पण भूक लागलीय. वाढा."

राजाने आपल्या हाताने ताट वाढलं. राणी पोटभर जेवली. मग दोघं सुखाने राहिली, आपापल्या पायांनी चालली.

चला, मिटा डोळे. तुमची झोप काही मी झोपणार नाही!