कुणासाठी धार

"बाबा, माझ्या सुरीत काय कमी आहे?"

"काही नाही."

"मग सकाळी त्याची का मागितलीत?"

"तो जवळ होता."

हैबतीला ते पटलं नाही.

लखाबाबा वैदू. झाडपाल्यासाठी डोंगर हिंडायचे. हैबती त्यांच्याबरोबर तरुणपणापासून होता. नामदू गेल्या पावसाळ्यात आला. तेव्हापासून साल काढायची असो की मुळी तोडायची, बाबांचा हात नामदूकडे पुढे होई. "नामदू, सुरी दे."

नामदूची सुरी पाठीला जाड, धारेचा उतार आखूड. लाकूड तासायला बरी, एवढंच. हैबतीची वस्तऱ्यासारखी पातळ. अंगावरचा केस उतरवणारी. ती कंबरेला तशीच राहायची.

नामदू ओढ्यावर पाणी आणायला गेला. बाबा झाडाला टेकून डोळे मिटून बसले होते.

हैबतीने नामदूच्या गाठोड्यातली सुरी काढली. तिची धार काळ्या खडकावर आडवी ओढली. करकर आवाज झाला. मग त्याने ती होती तशी ठेवून दिली.

दुपारी शेळ्या राखणारी गंगू धावत आली. तिच्या नवऱ्याचा पाय डुकरासाठी लावलेल्या फासात अडकला होता.

तिघेही गेले. नायलॉनची दोरी घोट्यात रुतली होती. पाऊल काळंनिळं पडलं होतं.

नामदू पुढे झाला. त्याने दोरीखाली बोट घालून सुरी लावली. सुरी घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. हिसक्याने फास आणखी आवळला. माणूस गुरासारखा ओरडला.

नामदूने सुरी उलटून धार पाहिली.

हैबती उभा होता. त्याचा हात कंबरेशी गेला होता... तिथेच थांबला होता. नामदूची फजिती त्याला डोळे भरून पाहायची होती.

"अहो, काहीतरी करा!" गंगू किंचाळली.

तेव्हा तो वाकला. एका ओढीत दोरी तुटली.

गंगूने त्याचे पाय धरले. बाबा पायाला पाला बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

परतताना नामदू म्हणाला, "दादा, माझी धार कशी गेली, कळलंच नाही. मला शिकवाल?"

हैबती भराभर पुढे चालू लागला. मुक्कामी आल्यावर तो बाबांपुढे बसला.

"बाबा, त्याची सुरी मी..."

"आवाज आला होता."

"मग अडवलं का नाहीत?"

बाबांनी नामदूची सुरी हैबतीच्या मांडीवर ठेवली. शेजारी धार लावायचा निसणा ठेवला.

हैबतीने दगडावर पाणी शिंपडलं. त्या सुरीचा आखूड उतार बोटाने चाचपला, तोच धरून पातं फिरवू लागला. एक बाजू, मग दुसरी. धारेतले दाते हळूहळू गेले. ऊन उतरलं.

त्याने धार नखावर टेकवून पाहिली. धार धरत होती. कडेला उठलेली लोखंडाची बारीक पापुद्री तेवढी चामड्यावर ओढून काढायची राहिली होती. ती काढली, तर ही सुरी त्याच्या सुरीच्या तोडीची होणार होती.

पलीकडे नामदू चूल पेटवत होता.

हैबतीने चामड्याचा पट्टा गुंडाळून ठेवला.

"झाली?" बाबांनी विचारलं.

"झाली, बाबा."

बाबा उठले. त्यांनी हैबतीच्या कंबरेची सुरी काढून नामदूच्या हातात दिली. मांडीवरची उचलून हैबतीच्या कंबरेला खोचली.

"आजपासून ही तुझी."

 हैबतीने हळूच सुरी कंबरेतून काढली. दुसरा हात चामड्याच्या पट्ट्याकडे गेला.

बाबांनी पट्ट्यावर पाय ठेवला.

"आता कुणासाठी?"