अस्वलिणीचा पलिता

फार पूर्वी, रानात अजून कुणी वैद्य नव्हता तेव्हा तापाची साथ आली. ताप वटवाघळांच्या गुहेतून येतो, अशी बोलवा उठली. जिचं पिल्लू तापानं फणफणलं होतं अशी एक अस्वलीण पेटता पलिता घेऊन गुहेच्या तोंडाशी आली.

"आजी, ताप तुमच्या अंगात आणि मरायचं आमच्या लेकरांनी? निघा, नाहीतर धूर करते."

"कर बाई," छताला उलटी लटकलेली म्हातारी वटवाघळी म्हणाली. "आम्ही रानभर पांगू, तापही पांगेल."

अस्वलीण थबकली. "मग तुम्ही कशा जगता?"

"सगळ्या कुठे जगलो? हा ताप म्हणजे चोर, वेष पालटून येतो. ज्यांच्या अंगातल्या पहारेकऱ्याला तो ओळखता आला नाही, त्या मेल्या. ज्यांच्या पहारेकऱ्यानं ओळखला, पण भेदरून स्वतःचंच घर पेटवलं, त्याही मेल्या. ज्यांच्या पहारेकऱ्यानं त्याला दारातच गुपचूप धरलं, त्यांची आम्ही लेकरं. चोरानं नवा वेष घेतला, की पुन्हा तेच."

"तो पहारेकरी माझ्या पिल्लाला दे."

"देता आला असता, तर माझ्या बहिणीला नसता का दिला? एवढंच सांगते. आमची उष्टी फळं त्याला खाऊ घालू नकोस."

आज सकाळीच अस्वलिणीनं गुहेखालची अर्धी खाल्लेली उंबरं मायेनं वेचून पिल्लाच्या उशाशी ठेवली होती.

तिनं पलिता मातीत दाबला आणि ती घराकडे धावत सुटली.